एका प्लॉटवर एक चूल

नियम इंग्रजीत होता आणि दीड ओळीचा होता. बंगला विभागात एका प्लॉटवर एकच राहतं घर, आणि त्या घरात एकच स्वयंपाकघर. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

साठ-एकसष्टच्या सुमारास मावळातल्या एका नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात मी ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईने गिरवून काढणारा, म्हणून लागलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लोणावळ्याइतकं ते मोठं नव्हतं, पण मुंबईकरांचे बंगले तिथेही होते. उन्हाळ्यात दोन महिने त्यांची दारं उघडायची, उरलेलं वर्ष ते माळ्याच्या ताब्यात. माझं गाव बेडसे, लेण्यांच्या खालचं. वडील रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होते. छप्पन साली आमच्या घराने धम्म स्वीकारला. वडिलांनी मला शिकवायचं ठरवलंच होतं, आता ते हट्टाला पेटले. पुण्यात राहून मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि टेबल-खुर्ची असलेली नोकरी करणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस झालो. ट्रेसिंग क्लॉथवर शाईने सरळ रेघ ओढता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

आमच्या खात्यात उपविधींचं एक पुस्तक होतं. स्वातंत्र्याच्या आधीचं, टाइप केलेलं, कोपरे वाळवीने खाल्लेलं. बंगला विभाग म्हणजे कुठला भाग, हे दाखवायला त्याला एक नकाशा जोडलेला होता आणि त्यावर लाल शाईची रेघ होती. ती ओढणाऱ्या माणसाचा हात फार सैल असावा. रेल्वे फाटकापलीकडची भातखाचरं, ओढ्याकाठचं रान, गुरचरण, सगळं त्या रेघेच्या आत. तिथे बंगला नव्हता आणि होण्याची चिन्हंही नव्हती, पण कागदावर तो सगळा बंगला विभाग होता.

त्याच पुस्तकात पुढच्या पानावर नोकरांच्या खोल्यांचं कलम होतं. बंगल्याच्या मागे, कंपाउंडला लागून आउटहाऊस बांधायला परवानगी होती, आणि तिथे चुली किती असाव्यात याबद्दल पुस्तक गप्प होतं. एका बंगल्यामागे मी स्वतः पाच बिऱ्हाडं पाहिली आहेत. माळी, वॉचमन, धुण्याभांड्याच्या बाया, त्यांची पोरंबाळं. पाच चुली पेटायच्या आणि कोणाची हरकत नसायची. दुसऱ्याच्या जागेत नोकर म्हणून राहिलं तर हव्या तेवढ्या चुली. स्वतःच्या जागेत मालक म्हणून राहायचं तर फक्त एक. हे माझ्या लक्षात यायला मला काही वर्षं लागली.

मधल्या काळात तळेगावच्या बाजूला कारखाने आले. माणसं नोकरीला लागली, पण राहायचं कुठे? कोणी गोठा साफ करून राहिलं, कोणी दुकानामागच्या पडवीत. लोकांची एकच मागणी होती, की दोघातिघांनी मिळून एक प्लॉट घ्यावा आणि त्यावर एक घर बांधून वाटून घ्यावं. एकट्याला प्लॉट परवडत नव्हता. असे अर्ज यायचे आणि आमच्याकडून शेरा मारून परत जायचे. शेरा लिहून लिहून मला पाठ झाला होता. नियमात बसत नाही.

मग ती तिघं आली. तिघं एकदमच ऑफिसात आली आणि दाराशी चपला काढून उभी राहिली. एक परंदवडीचा फिटर. शेतीचे भावाभावांत तुकडे झाल्यावर हा कारखान्यात लागलेला. दुसरा वेल्डर, माझ्याच गावचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्या घरानेही आमच्याबरोबरच धम्म घेतला होता. तिसऱ्या एक बाई होत्या, डोंगरावरच्या वाडीच्या, वय चाळिशीच्या आत. त्यांचा नवरा त्याच कारखान्यात माल उतरवताना गेला आणि त्याच्या जागी त्यांना कँटीनमध्ये घेतलं. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांना एकच मुलगी, शाळेत जाणारी. एका बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये दोघी राहत होत्या. तिथे बाईला बंगल्याचं काम करावं लागे आणि कँटीनची पाळीही सांभाळावी लागे.

तिघांनी मिळून फाटकापलीकडे चाळीस बाय साठ फुटांचा प्लॉट घेतला होता. फिटरने एका कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने घर काढून आणलं होतं. खाली दोन बिऱ्हाडं, वर एक, प्रत्येकाला दोन खोल्या, एक जिना. रेघा वाकड्या होत्या पण मापं बरोबर होती. चारी बाजूंचं सोडायचं अंतर वजा केलं की आत वीस बाय पस्तीसचं घर बसत होतं, हे त्याने स्वतः हिशोब करून काढलं होतं. मी ते पाहून मनात म्हटलं, हा माणूस माझ्या जागी बसायला हवा.

आमचे ओव्हरसियर साहेब पैसे खात नव्हते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणालाही तसं वाटेल. सरळ माणूस होता, वेळेवर यायचा, कोणाच्या चहालाही हात लावत नसे. त्यांना भीती होती ती फाइलची. उद्या कोणी फाइल उघडली तर आपल्या सहीखाली चूक सापडता कामा नये, एवढ्याच एका विचारावर त्यांनी नोकरी काढली.

त्यांनी कॅलेंडरचं पान पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही तिघं एकमेकांचे कोण?"

फिटर म्हणाला, "एका कारखान्यातले."

"ते कुटुंब होत नाही. तीन स्वयंपाकघरं देता येणार नाहीत. एकच दाखवा, मंजूर करतो."

मावशी पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, आमचं भांडान न्हाई. पन चुली तीनच पायजेत. एका चुलीवर तीन घरं कुटं जेवत्यात?"

साहेबांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. तिघांपैकी कोणालाच इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी तिघंही त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिली.

अर्ज नामंजूर झाला. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा नामंजूर. मध्यंतरी फिटरच्या भावकीने त्याला गाठलं, की तुला घर बांधायला याच माणसांची सोबत मिळाली का. त्याने त्यांना काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही, पण तिसऱ्या अर्जावर पहिली सही त्याचीच होती. वेल्डर मला रस्त्यात भेटून विचारायचा, की तू आत बसतोस ना, मग काहीतरी सांग. मी त्याला नियम समजावून द्यायचो. माझ्याच गावच्या माणसाला, ज्याच्याबरोबर मी पवनेत पोहायला शिकलो त्याला, मी शहाण्यासारखा नियम समजावून देत होतो.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी साहेबांनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी मला टेबलाशी बोलावून हळू आवाजात वाट सांगितली. नकाशा एका कुटुंबाचा म्हणून काढायचा. एका खोलीत स्वयंपाकघर लिहायचं, वरच्या मजल्यावरच्या खोलीत देवघर लिहायचं आणि खालच्या मागच्या खोलीत कोठी. आत मग कोण काय शिजवतंय ते बघायला कोणी जात नाही. मला ती युक्ती फार आवडली. आपण गरिबांचं काम करतोय असं वाटून मी दोन दिवसांत नकाशा काढला. रेघा इतक्या सुबक आल्या होत्या की मी तो दोनदा दिव्यासमोर धरून पाहिला.

साहेबांनी तपासला आणि मागच्या खोलीवर पेन्सिल ठेवली. कोठीला एवढी मोठी खिडकी कशाला, असं त्यांनी विचारलं. धान्याच्या खोलीला खिडकी आणि वर धुराडं दाखवलंस तर ती चुलीची खोली आहे हे पोरही सांगेल. पुस्तकात कोठीला खिडकीची सक्ती नव्हती. वर एक वीतभर झरोका पुरत होता.

मी टेबलावर परत आलो. ट्रेसिंग क्लॉथवरची शाई खोडरबराने जात नाही. अर्ध्या ब्लेडने ती हलक्या हाताने खरवडावी लागते, नाहीतर कापड फाटतं. ते काम मला चांगलं जमायचं. मी खिडकी खरवडली, धुराडं खरवडलं, आणि त्या जागी भिंतीची सलग रेघ ओढून दिली. मग अक्षरांच्या पट्टीने नीट लिहिलं, कोठी.

आठवड्यात मंजुरी मिळाली. तिघं पेढे घेऊन आली. साहेबांनी घेतले नाहीत, मी घेतला.

कोणी कुठे राहायचं यावर त्यांचं फारसं बोलणं झालं नाही. वेल्डरला म्हातारी आई होती म्हणून तो खाली पुढच्या बाजूला, फिटर वर. मागच्या खोल्या मावशींनी आपणहून मागून घेतल्या. फिटर म्हणाला चिठ्ठ्या टाकू, तर त्या म्हणाल्या की आउटहाऊसात एवढंही नव्हतं, मला दार माझं असलं म्हंजी झालं. घर उभं राहिलं. जोत्याच्या तपासणीला मी गेलो होतो, भोगवट्याच्या दाखल्याच्या वेळीही मीच गेलो. मागच्या खोलीत त्या दिवशी रिकामी पोती ठेवलेली होती. मी वहीत लिहिलं, नकाशाप्रमाणे.

वरच्या मजल्याला मंगलोरी कौलं होती, तिथला धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. पुढच्या बिऱ्हाडाचं स्वयंपाकघर तर नकाशातच होतं, त्याला खिडकी होती. मागच्या खोलीच्या डोक्यावर मात्र फळ्यांची तक्तपोशी होती आणि तो वीतभर झरोका सोडला तर तीन बाजूंनी सलग भिंत. उन्हाळ्यात दार उघडं टाकून भागलं. आमच्याकडचा पाऊस लागला की दिवसचे दिवस दार उघडायची सोय राहत नाही, झड आत येते. मावशींचे डोळे लाल झाले, मुलगी खोकू लागली. शेवटी एके दिवशी मावशींनी पहार घेतली आणि मागच्या भिंतीला वर, हात पोचेल तिथे, दोन विटा काढून भोक पाडलं. कोणाला विचारलं नाही. घर त्यांचं होतं, विचारायचं कोणाला?

त्या भोकातून धूर बाहेर आला आणि पलीकडच्या कंपाउंडमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना तो दिसला. त्या बाजूला मधल्या काळात उभा राहिलेला तो एकुलता एक बंगला. त्यांनी अर्ज दिला, की शेजारच्या घरातून तीन ठिकाणी धूर निघतो, तरी चौकशी व्हावी. माणूस वाईट नव्हता. त्यांना दमा होता आणि धुराचा खरोखर त्रास होत असणार. पण अर्ज आवक झाला, त्यावर नंबर पडला, आणि साहेबांचा चेहरा उतरला.

नोटीस निघाली. मागील भिंतीस पाडलेले अनधिकृत छिद्र सात दिवसांत बुजवावे, अन्यथा संपूर्ण इमारतीचा भोगवटा दाखला रद्द करण्यात येईल. मजकूर साहेबांचा, अक्षर माझं. शिपाई रजेवर होता म्हणून नोटीस द्यायलाही मीच गेलो. सकाळची वेळ होती. मावशी भाकरी थापत होत्या. मी दारातच उभा राहून वाचून दाखवलं. वेल्डरची बायको आणि फिटर दोघंही येऊन उभे राहिले होते. भोक एकीचं आणि दाखला तिघांचा जाणार होता, हे सगळ्यांना कळलं.

मावशींनी पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, "धूर दिसला न्हाई म्हंजी झालं ना तुमचं?"

मी म्हणालो, "तसंच काहीसं, मावशी."

हे माझे शब्द आहेत. मी त्यात काना-मात्रेचाही फरक करून सांगत नाही.

फिटर म्हणाला की आपण पुन्हा अर्ज करू, वर्गणी काढून वकील बघू, पण भोक राहू दे. मावशींनी ऐकलं नाही. माझ्यामुळं तुमची घरं जायला नकोत, असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून विटा परत बसवून घेतल्या. आणि लाकडं बंद केली. धूर होत नाही म्हणून त्या कोळशाच्या शेगडीवर आल्या. आम्ही चौथ्या दिवशी तपासणी केली, भिंत सलग होती, धूर नव्हता. फाइलला तसा शेरा गेला आणि ती कपाटात ठेवली गेली.

पुढे तीन आठवड्यांनी, मावशींच्या सुट्टीच्या दिवशी, मुलगी शाळेत गेलेली असताना त्यांनी दार लावून शेगडी पेटवली. बाहेर झड होती. स्वयंपाक करायचा होता आणि मुलीचे कपडे वाळत नव्हते, ते शेगडीवरच्या दोरीवर टाकले होते. दुपारी वेल्डरच्या बायकोने ताकाचं भांडं परत द्यायला दार वाजवलं. कोणी उघडेना म्हणून तिने धक्का दिला. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिला वाटलं, डोळा लागला असेल. तिने हाक मारली, मग खांद्याला हात लावला.

डॉक्टरांनी सांगितलं की बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस गुंगीत जातो. वीतभर झरोक्याने काही होत नाही. हे डॉक्टर मला समजावून सांगत होते आणि मी मान हलवत होतो, जणू काही त्या झरोक्याचं माप मला त्यांनीच सांगितलं.

पंचनाम्यासाठी मंजूर नकाशाची प्रत मागितली गेली. ती मीच काढून दिली. त्यावरून जे लिहिलं गेलं ते असं होतं, की मयत बाईने कोठीच्या खोलीचा गैरवापर करून तिथे शेगडी पेटवल्यामुळे मृत्यू ओढवला. साहेबांनी वाचून सुटकेचा श्वास सोडला. तो आवाज मी ऐकला. मला त्या क्षणी त्यांच्या तोंडावर शाईची दौत फेकावीशी वाटली, आणि मग वाटलं, की दौत तर माझी आहे.

बंगल्यातले गृहस्थ ऑफिसात आले. काठी टेकत आले आणि मला विचारलं, की हे माझ्या अर्जामुळे झालं का. मी होय म्हणालो. तुमच्या अर्जामुळे आणि माझ्या नकाशामुळे. ते बाकावर बसले. मग त्यांनी विचारलं, अर्ज मागे घेता येईल का. साहेब म्हणाले, एकदा आवक झालेला अर्ज मागे घेता येत नाही. नियम आहे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी मावशींच्या मुलीला भेटायला गेलो. ती तेव्हा अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला होती. फिटरच्या बायकोने तिला वर आपल्याकडे नेलं होतं आणि ती तिथेच जेवत-झोपत होती. फिटरच्या भावकीतल्या कोणी त्यावर काही बोललं तर त्या बाईने जिन्यातूनच त्यांना परत पाठवलं. मी मुलीसमोर बसलो आणि मनात होतं ते सगळं सांगितलं. खिडकी होती, मी ती काढली होती, मग मीच खरवडली. नोटीसही माझ्याच हातची. आता मी हे सगळं लेखी देणार आहे, असंही सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल.

तिने विचारलं, "तुमी आदी का न्हाई लिवलं?"

मग ती उठून आत निघून गेली.

मी टिपण लिहिलं. अडीच पानांचं. पहिल्या नकाशात मागच्या खोलीला खिडकी आणि धुराडं होतं, ते तोंडी सूचनेवरून मी स्वतः खोडलं, त्या खोलीत स्वयंपाक होणार आहे हे खात्यात सर्वांना माहीत होतं, छिद्र बुजवण्याची नोटीस ही त्या मृत्यूचं कारण आहे. खाली सही केली आणि साहेबांना न दाखवता टिपण थेट आवक करून नंबर पाडून घेतला. अर्ज मागे घेता येत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली, दोन वेतनवाढी रोखल्या, मला बांधकाम खात्यातून काढून पाणीपट्टीच्या टेबलावर बसवलं. साहेब माझ्याशी निवृत्तीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. वडिलांना कळलं तेव्हा मला वाटलं ते चिडतील. ते एवढंच म्हणाले, की नोकरी गेली तर गँगमध्ये बघू, हातात फावडं धरायला अजून काही नियम लागत नाही.

पण टिपण फाइलमध्ये राहिलं आणि फाइल नगरपालिकेच्या समितीपुढे गेली. नियम बदलायचा तर बदलाचा मसुदा लागतो. नव्या आलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी तो मला करायला सांगितला, पाणीपट्टीचं काम सांभाळून. मी लिहिलं, की एका प्लॉटवर चार बिऱ्हाडांपर्यंत घर बांधता यावं. जिथे चूल, स्टो किंवा शेगडी पेटते ती खोली स्वयंपाकघरच धरावी, नकाशात काहीही लिहिलेलं असो. तिला बाहेर उघडणारी खिडकी आणि धूर जायची वाट हवी. आणि हे आउटहाऊसलाही लागू व्हावं.

समितीत तो मसुदा साडेतीन वर्षं फिरला. मला आत बसायची परवानगी नव्हती, मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. एक सदस्य, पेशाने वकील, दर वेळी तेच बोलायचे. आज चार बिऱ्हाडं, उद्या चाळ, परवा झोपडपट्टी. मुंबईची मंडळी इथली हवा सोडून जातील. एकदा ते म्हणाले, ज्यांना एकमेकांच्या हातचं पाणी चालत नाही त्यांना एका छपराखाली कशाला राहायचंय? मला आत जाऊन सांगायचं होतं, की तुम्ही पाण्याचं काय बोलता, त्या घरातली पोर फिटरच्या ताटात जेवतेय. मी गेलो नाही. शिपायाने माझ्या दंडाला धरलं होतं, असं मी पुढे लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे त्याने नुसता हात ठेवला होता.

शेवटी मसुदा मंजूर झाला तो एका दुपारी, सात-आठ मिनिटांत. वकील सदस्य त्या दिवशी गावाला गेले होते. आउटहाऊसचं कलम काढून टाकलं होतं. चाराची तीन बिऱ्हाडं केली होती. त्याच बैठकीत पुढचा विषय उद्यानातल्या बाकांच्या रंगाचा निघाला आणि त्यावर अर्धा तास बोलणं झालं. बाक हिरवे असावेत की पिवळे यावर माणसं आवाज चढवून भांडत होती. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

नवीन नियमाची प्रत घेऊन मी मुलीकडे गेलो. तोवर ती तळेगावला नर्सिंग शिकून तिथल्याच एका दवाखान्यात लागली होती. कारभार मराठीत आला होता, त्यामुळे नियम तिला वाचता येत होता. ड्यूटीवर जायच्या आधी दवाखान्याच्या बाकावर बसून तिने तो पूर्ण वाचला. मी शेजारी उभा होतो. तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितं 'खिडकी असावी' लिवलंय. असावी म्हंजी काय? नसली तरी चालंल?"

मी मसुद्यात 'असलीच पाहिजे' लिहिलं होतं. साफ प्रत करताना कोणी तरी ते मऊ केलं होतं, चुकून की जाणूनबुजून हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मी, इतक्या वेळा तो कागद वाचलेला माणूस, मला ते दिसलं नव्हतं.

आउटहाऊसचं काय झालं, हेही तिने विचारलं. काढून टाकलं, असं मी सांगितलं. तिने कागदाची घडी घालून मला परत दिला. "मंग हे निम्मंच हाये. हा सबूद तरी बदलून आना," एवढं बोलून ती वॉर्डात गेली.

मी पुन्हा अर्ज लिहिला. एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, हरवला, सापडला, त्यावर विधी सल्लागाराचं मत मागवलं गेलं, मत यायला पावसाळा गेला. दर महिन्याला मी जाऊन विचारायचो. लोक मला हसायचे. असावी आणि असलीच पाहिजे यात फरक काय, असं एका कारकुनाने मला तोंडावर विचारलं, आणि त्या दिवशी मी ऑफिसात पहिल्यांदा ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सगळ्यांचे टाइपरायटर थांबले होते, एवढं आठवतं.

वर्षाहून अधिक काळ गेल्यावर शुद्धिपत्रक निघालं. अर्धं पान, एकच ओळ. मी त्याची प्रत टपालाने दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवली, कारण समोर जायचं धाडस झालं नाही. तिचं उत्तर आलं नाही. आउटहाऊसचा अर्ज मी त्याच आठवड्यात आवक केला.